गेमची धून आणि १७४ चा वेग: ड्रम अँड बेस रिमिक्स कसा तपासायचा

व्हिडिओ गेमच्या संगीतावरचा ड्रम अँड बेस (वेगवान ड्रम्स आणि जड बेसचं इलेक्ट्रॉनिक संगीत) रिमिक्स ऐकला की बहुतेक जण दोनपैकी एक प्रतिक्रिया देतात: "ड्रम्स भारी आहेत" किंवा "मिक्स गढूळ वाटतोय". दोन्ही खऱ्या असू शकतात, पण रिमिक्स करणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. माझ्या मते अशा रिमिक्सला सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारावा: मूळ धून या वेगात आणताना तिच्यात काय बदललं? "काही नाही, टेम्पो वाढवला आणि खाली ब्रेक (जुन्या रेकॉर्डवरून उचललेला ड्रम्सचा तुकडा) टाकला" हे उत्तर असेल, तर पुढच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं. गढूळ मिक्सचंसुद्धा.

दोन्ही संगीतांचं कामच वेगळं आहे. खेळाडू एखाद्या लेव्हलमध्ये वीस सेकंद थांबेल की वीस मिनिटं, हे गेमच्या संगीतकाराला माहीत नसतं. म्हणून धून गोल फिरणारी लिहिली जाते. शेवट सुरुवातीला बेमालूम जोडलेला, मध्येच तुटली तरी खटकू नये अशी. ड्रम अँड बेसला मात्र कुठेतरी पोहोचायचं असतं. सोळा किंवा बत्तीस आवर्तनं ताण चढवायचा आणि ड्रॉपवर, म्हणजे ड्रम्स आणि बेस पूर्ण जोरात येतात तिथे, तो सोडायचा. गोल फिरणारी गोष्ट पुढे जाणारी करायची, हे रिमिक्सचं खरं काम. ते झालंय की नाही हे ऐकायचं.

आधी थोडा हिशोब. १७४ बीपीएमला (मिनिटाला १७४ मात्रा, ड्रम अँड बेसचा नेहमीचा वेग) एक मात्रा ३४५ मिलिसेकंदांची, पाव मात्रा ८६ मिलिसेकंदांची आणि चार मात्रांचं आवर्तन १.३८ सेकंदांचं. आवर्तनाचे सोळा भाग केले तर नेहमीच्या ठेक्यात किक (खालचा जड ठोका) पहिल्या आणि अकराव्या भागावर, स्नेअर (वरचा कडक फटका) पाचव्या आणि तेराव्या भागावर. म्हणजे स्नेअर कायम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. या प्रकारात स्नेअर हाच राजा, आणि धुनेला त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं.

मूळ धून १५०-१६० च्या आसपास असेल तर प्रश्न फारसा नाही, थोडी ढकलली की बसते. ८५-९० ची संथ धून असेल तर ती ८७ वर, म्हणजे ड्रम्सच्या निम्म्या लयीत आरामात चालते. खरी अडचण १०५ ते १४० मधल्या धुनांची, आणि गेमच्या धुनांत अशा भरपूर सापडतात. १२० ची धून १७४ वर नेली की ती ४५ टक्के वेगवान होते. मुळात १२५ मिलिसेकंदांची असलेली पाव मात्रा ८६ वर येते आणि स्वरांचा नुसता किलबिलाट उरतो. तीच धून ८७ वर आणली तर साडेसत्तावीस टक्के वेग जातो आणि ती लोंबकळते. यातून बाहेर पडायच्या वाटा आहेत. पूर्ण वेग ठेवायचा असेल तर धुनेतले अलंकार, ट्रिल, दोन स्वरांमधले भराव काढून फक्त मुख्य स्वर ठेवायचे. निम्म्या लयीत जायचं असेल तर लांबलेल्या स्वरांच्या पोटात दुसरी छोटी स्वरावली भरायची. तिसरी वाट क्वचित दिसते, पण मला सगळ्यात आवडते: १७४ चे दोन तृतीयांश म्हणजे ११६. धुनेची एक मात्रा ड्रम्सच्या दीड मात्रेची धरायची. धून जवळजवळ मूळ वेगातच राहते आणि ड्रम्सशी तिचा दोनास तीन असा झगडा सुरू होतो. फक्त सांधा सांभाळावा लागतो, कारण धुनेची आठ आवर्तनं ड्रम्सची बारा होतात. उरलेली चार आवर्तनं फिलने (ड्रम्सच्या छोट्या भरावाने) किंवा शांततेने भरली नाहीत तर सोळाची चौकट मोडते आणि ड्रॉप भलत्याच जागी पडतो.

तीन मात्रांच्या धुनांचंही तेच. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समधलं पाण्याखालचं संगीत वॉल्ट्झ आहे. अशी धून चार मात्रांत बसवताना सर्रास केली जाणारी गोष्ट म्हणजे प्रत्येक आवर्तनातला एक स्वर ओढून चार मात्रा भरायच्या. त्याने डोलणं संपतं आणि धून लंगडते. त्यापेक्षा धून तीनमध्येच ठेवावी आणि ड्रम्स चारमध्ये. बारा मात्रांनी दोघं समेवर भेटतात. मधल्या काळात स्नेअर धुनेच्या दुसऱ्या, पहिल्या, तिसऱ्या, मग पुन्हा दुसऱ्या, पहिल्या, तिसऱ्या मात्रेवर पडत जातो. हे ऐकायला अवघड नाही, उलट पकड घेणारं आहे. अट एवढीच की बेस कुणाच्या तरी एकाच्या बाजूने ठाम उभा राहिला पाहिजे.

आता एक धून जवळून पाहू. १९८९ मध्ये गेम बॉयवर आलेल्या टेट्रिसमधली 'ए' धून सगळ्यांच्या कानात आहे. मुळात ते कोरोबेइनिकी हे रशियन लोकगीत. ए मायनरमध्ये पहिली ओळ अशी: ई पूर्ण मात्रा, मग बी आणि सी अर्धी-अर्धी, डी पूर्ण, मग सी आणि बी अर्धी-अर्धी. म्हणजे लांब स्वर पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, आणि हलणाऱ्या जोड्या दुसऱ्या आणि चौथ्यावर. धून १७४ च्या पूर्ण वेगात ठेवली तर स्नेअर नेमका या जोड्यांच्या पहिल्या स्वरावर आदळतो. धुनेतली हालचाल जिथे आहे तिथेच ती झाकली जाते, आणि जिथे काही घडत नाही तिथे मोकळी जागा सुटते. ऐकणाऱ्याला वाटतं लीडचा, म्हणजे धून वाजवणाऱ्या वाद्याचा, आवाज कमी आहे. मग रिमिक्स करणारा लीड वाढवतो, मग स्नेअर बारीक वाटतो, मग स्नेअर वाढवतो. लिमिटरवर (आवाज ठरावीक मर्यादेत रोखणाऱ्या साधनावर) भार येईपर्यंत हे चालतं.

तीच धून निम्म्या लयीत घ्या. आता ई दोन मात्रा टिकतो, बी तिसऱ्या मात्रेवर येतो आणि सी चौथ्यावर. दुसऱ्या मात्रेचा स्नेअर लांब ईच्या पोटात पडतो, तिथे काहीच बिघडत नाही. पण चौथ्या मात्रेचा स्नेअर अजूनही सीवर आहे. उपाय सोपा आहे: सी पाव मात्रा, म्हणजे ८६ मिलिसेकंद आधी आणायचा. स्वर आधी सुरू होतो, स्नेअर त्याच्या मागून येतो, दोन्ही स्पष्ट ऐकू येतात, आणि धुनेला ड्रम अँड बेसची ती पुढे झुकलेली चाल आपोआप मिळते. एका स्वराची एवढीशी सरकवणूक अख्ख्या मिक्सचं दुखणं घालवते, हे प्रोजेक्ट उघडून करून बघण्यासारखं आहे.

याच ओळीत दुसरी खूण. पहिला कॉर्ड ई मेजर, दुसरा ए मायनर. ई मेजरमध्ये जी शार्प आहे आणि धुनेची तळमळ त्या स्वरावर उभी आहे. कॉर्ड कानाने न शोधता स्केल लॉक (सगळे स्वर एकाच स्केलमध्ये बसवणारी सोय) लावून ए मायनरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर सगळं बसवलं, की जी शार्पचा जी होतो आणि ई मेजरचा ई मायनर. वरची धून तीच राहते, म्हणून चूक पटकन सापडत नाही, पण ड्रॉप का कोणास ठाऊक मिळमिळीत लागतो. टीका करताना "हार्मनी वेगळी वाटते" असं मोघम लिहू नये. कितव्या सेकंदाला, कोणत्या कॉर्डमध्ये, कोणता स्वर, हे लिहावं. जाणूनबुजून बदललं असेल तर रिमिक्स करणारा तसं सांगेल.

बेसकडे वळू, कारण या प्रकाराच्या नावात निम्मा हिस्सा त्याचा आहे. सब-बेस, म्हणजे बेसचा सगळ्यात खालचा थर, साधारण ४० ते ६० हर्ट्झमध्ये सगळ्यात भरदार लागतो. ई ४१.२, एफ ४३.७, जी ४९, ए ५५ हर्ट्झ. या पट्टीतल्या धुना नशीबवान. मूळ धून सीमध्ये असेल तर सीचा सब एकतर ३२.७ वर जातो, जिथे बहुतेक स्पीकर हात टेकतात, किंवा ६५.४ वर येतो, जिथे तो किकच्या अंगाशी भिडतो आणि पोटात जाणवण्याऐवजी गुणगुणतो. अशा वेळी अख्खी धून पाच अर्धस्वर वर, म्हणजे एफमध्ये न्यावी. चाहत्यांना मूळ पट्टीचा जिव्हाळा असतो हे मान्य, पण अशक्त सबपेक्षा बदललेली पट्टी परवडते.

गेमच्या बेसची ओळ जशीच्या तशी उचलणं ही सगळ्यात मोठी फसगत. एनईएस या निन्टेंडोच्या जुन्या गेम कन्सोलच्या आवाजाच्या चिपमध्ये बेसचं काम बहुधा ट्रँगल चॅनलकडे असतं. त्या चॅनलला आवाज कमी-जास्त करायची सोयच नाही, तो चालू किंवा बंद. त्यामुळे संगीतकारांनी त्याला सतत नाचतं ठेवलं: अर्ध्या अर्ध्या मात्रेला सप्तक बदलणं, चालते बेस, मध्ये ड्रमसारखे झटके. १७४ ला अर्धी मात्रा १७२ मिलिसेकंदांची. ४३.७ हर्ट्झच्या एका लहरीला २३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे अर्ध्या मात्रेत जेमतेम साडेसात लहरी. एवढ्यात खालचा स्वर नीट उभा राहायच्या आत संपतो, आणि खाली फक्त गडगडाट ऐकू येतो. कॉर्डही तसेच. मूळ धुनेत दर दोन मात्रांनी कॉर्ड बदलत असेल तर इथे तो ०.६९ सेकंदात बदलणार. वरच्या वाद्यांना ते चालतं, सबला नाही. चांगले रिमिक्स इथे धाडस करतात: एका आवर्तनाला किंवा दोन आवर्तनांना मिळून सबचा एकच स्वर धरतात आणि हालचाल मधल्या बेसवर सोपवतात. रिमिक्स ऐकताना फक्त १०० हर्ट्झच्या खालचा भाग ठेवून बाकी फिल्टरने कापा. उरलेल्या आवाजातून चार-पाच स्वरांची ओळ गुणगुणता आली तर बेस लिहिलेला आहे. नाही आली तर तो नुसता भरलेला आहे.

रीस बेसबद्दलही थोडं. याचा उगम केविन सॉन्डरसनच्या १९८८ च्या एका ट्रॅकमध्ये. दोन सॉटूथ लहरी एकमेकींपासून किंचित हलवून ठेवायच्या की त्यांच्यातला फरक घोंघावतो. ५५ हर्ट्झवर दोघींत २० सेंटचा (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) फरक ठेवला तर तो ०.६४ हर्ट्झचा होतो. म्हणजे दर दीड सेकंदाच्या आसपास मूळ स्वर एकदा फुगतो आणि एकदा जवळजवळ नाहीसा होतो. आवर्तन १.३८ सेकंदांचं, म्हणून हे नाहीसं होणं दर वेळी वेगळ्या जागी पडतं. "दुसऱ्या ड्रॉपमध्ये काही किक दणकट, काही पोकळ" अशी तक्रार असेल तर बहुतेकदा कारण हेच. रीस ११०-१२० हर्ट्झच्या खाली कापावा आणि तिथे स्वतंत्र, मोनो साइन लहर ठेवावी.

ड्रम्सविषयी सगळे बोलतात, म्हणून मी आवश्यक तेवढंच बोलेन. द विन्स्टन्सच्या १९६९ च्या रेकॉर्डवरचा, ग्रेगरी कोलमन यांनी वाजवलेला अमेन ब्रेक साधारण १३६ बीपीएमचा आहे. पट्टी न सांभाळता तो १७४ वर नेला तर तो सव्वाचार अर्धस्वर वर चढतो. जंगल या ड्रम अँड बेसच्या आधीच्या संगीतप्रकारात तीच त्याची गंमत. पट्टी सांभाळून ताणला तर अल्गोरिदम स्नेअरचा पहिला फटका चघळतो आणि फटका दुहेरी ऐकू येतो. प्रत्येक फटका कापून नव्या जागी ठेवला तर फटके जवळ येतात, मागच्याची शेपटी मध्येच तुटते आणि टिकटिक येते. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी २ ते ५ मिलिसेकंदांचा फेड दिला की ती जाते. कापलेले तुकडे ग्रिडला (मात्रांच्या रेघांना) शंभर टक्के चिकटवू नयेत. कोलमन यांचे हलके, मधले फटके किंचित मागे-पुढे आहेत म्हणूनच तो ब्रेक चालतो. आणि तिसऱ्या आवर्तनाच्या शेवटी जिथे स्नेअर अर्धी मात्रा उशिरा येतो, ती जागा धुनेच्या ओळीच्या शेवटाशी जुळवता आली तर फिल वेगळा लिहावाच लागत नाही.

ब्रेकखाली वेगळा स्नेअर घातला असेल तर एक तपासणी कधीही चुकवू नये: एकाची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून ऐकायचं. उलटल्यावर स्नेअर जास्त भरीव झाला, तर आधी दोघं एकमेकांना खात होते. एक-दोन मिलिसेकंद सरकवून १८०-२२० हर्ट्झचा धक्का परत मिळतो. ब्रेक स्वतः १२०-१५० हर्ट्झच्या खाली कापलेला हवा, नाहीतर जुन्या किकचा गाळ नव्या किकच्या तळाशी साचतो.

आता जुन्या चिपचे आवाज. एनईएसच्या दोन पल्स चॅनलची रुंदी १२.५, २५, ५० आणि ७५ टक्के अशी बदलता येते. यातली अरुंद पल्स कडक आणि नाकात बोलल्यासारखी, आणि तिचा जोर २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये, जिथे स्नेअरचा कडकपणा आणि हाय-हॅटची सुरुवात असते. सरसकट इक्यूने (ठरावीक कंपनसंख्या कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) लीड कापली तर तिची ओळखच जाते. डायनॅमिक इक्यू स्नेअरवरून चालवावा, म्हणजे स्नेअरच्या क्षणीच ३-४ किलोहर्ट्झवर दोन-तीन डेसिबल खाली. किंवा लीड ५० टक्के रुंदीवर न्यावी, आवाज पोकळ आणि गोल होतो.

सुपर निन्टेंडोचा प्रश्न नेमका उलटा. आठ चॅनल, आवाजासाठी एकूण ६४ किलोबाइट, आउटपुट ३२ किलोहर्ट्झ. १६ किलोहर्ट्झच्या वर काहीच नाही, आणि चिपमधल्या इंटरपोलेशनमुळे वरचा भाग आणखी मऊ. अशा तंतुवाद्यांच्या सॅम्पलशेजारी आजचे लखलखीत हाय-हॅट ठेवले की धून दुसऱ्या खोलीत वाजतेय असं वाटतं. लीडवर ट्रेबल वाढवणं व्यर्थ आहे, जे नाहीच ते वाढणार कुठून? एक तर वरच्या सप्तकात त्याच ओळीचा पातळ, चमकदार सिंथ मिसळावा, किंवा ड्रम्सनाच १२-१३ किलोहर्ट्झवर हळू उतार द्यावा. दुसऱ्या मार्गाने सगळं एका काळातलं वाटतं. सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलमधल्या एफएम चिपचा बेस मात्र सोनं आहे. त्यात हार्मोनिक भरपूर, थोडं डिस्टॉर्शन दिलं की मधल्या बेसचं काम तो एकटा सांभाळतो, आणि मूळ गेमची ओळखही त्यातच टिकते.

रचनेत पाहायची एक गोष्ट: ड्रॉपवर काय येतं? इंट्रोमध्ये पूर्ण धून वाजवून झाली असेल आणि ड्रॉपवर तीच पूर्ण धून ड्रम्ससकट आली, तर ड्रॉपकडे सांगायला काही नसतं. इंट्रोत धुनेचे पहिले तीन-चार स्वरच द्यावेत, तेही फिल्टरमागून. ड्रॉपवर बेस आणि धुनेचा एक तुकडा, सोळा आवर्तनं. पूर्ण धून दुसऱ्या सोळांत. बत्तीस आवर्तनं म्हणजे ४४ सेकंद, तेवढ्यात कान थकत नाही. मूळ लूप बारा किंवा अठरा आवर्तनांचा असेल तर रिमिक्स करणाऱ्याने तो कुठे कापला ते शोधा. बऱ्याचदा शेवटची दोन आवर्तनं बिनकामाची लोंबतात, कारण ती फेकायची हिंमत झाली नाही.

आवाजाची पातळी शेवटी बघायची, पण तुलना करण्याआधी समान करायची. ड्रम अँड बेसचे मास्टर (शेवटची तयार फाइल) उणे ६ ते उणे ८ लफ्सपर्यंत (लफ्स म्हणजे कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) चढवलेले सर्रास आढळतात. मूळ गेमचं रेकॉर्डिंग त्याहून खूप हळू असतं, आणि मोठ्या आवाजाचं काहीही चांगलंच वाटतं. दोन्ही एका पातळीवर आणा, मग एकदा मोनोमध्ये, एकदा अगदी हळू आवाजात ऐका. हळू आवाजात स्नेअर आणि धून दोन्ही ऐकू आली तर तोल बरा आहे. फक्त हॅट ऐकू आले तर वरचा भाग जास्त झालाय. सबवर किकचा साइडचेन (किक वाजताच सब दाबणारी सोय) असेल तर रिलीज (सब परत वर यायचा वेळ) ६०-८० मिलिसेकंद, पाव मात्रेच्या आत. त्याहून लांब ठेवला की सब पुढच्या स्वरापर्यंत सावरत नाही आणि तळ श्वास घेत राहतो.

अभिप्राय लिहिताना हाच क्रम ठेवा: आधी धून आणि स्नेअरचं नातं, मग सब, मग रचना, आणि मिक्स-मास्टर सगळ्यात शेवटी. प्रत्येक मुद्द्याला वेळ लिहा, जे ऐकू आलं ते लिहा, मग कारणाचा अंदाज, मग उपाय. "१:२८ ला दुसऱ्या ओळीत लीड स्नेअरखाली जाते, चौथ्या मात्रेचा स्वर पाव मात्रा आधी आणून बघा" एवढं एक वाक्य पुरतं. मास्टरबद्दलचा मुद्दा आधी लिहिला तर लोक तो आधी सोडवतात, मग धून हलवतात, आणि लिमिटर पुन्हा पहिल्यापासून लावावा लागतो. धून जागेवर बसल्यावर बऱ्याचदा लिमिटरला दोन डेसिबल कमी काम पडतं. ट्रू पीक (लहरीचं खरं टोक) उणे १ डेसिबलवर थांबवून फाइल एमपीथ्री करून पुन्हा ऐका, स्नेअरची तडतड असेल तर ती तिथेच उघडी पडते.